सेलेनियमचा थर काचेवर टिकत नाही : लाल ढग, पोपडे आणि मंदावणारा प्रवाह

प्रयोगवही

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही थेट प्रयोगशाळेतला. मागे इथे बॅटरी आणि मुलाम्यावर चांगल्या चर्चा झाल्या होत्या, म्हणून धीर करून विचारते.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काम असं की एफटीओ काचेवर विजेच्या मदतीने सेलेनियमचा पातळ थर बसवायचा. (एफटीओ म्हणजे फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक लेप असलेली काच.) गेले चार महिने तो थर बसत नाहीये.

आधी सेलेनियमच का ते सांगते, कारण मला या मूलद्रव्याबद्दल खरंच माया वाटते. १८१७ साली बर्झेलियसला स्वीडनमध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या तांबूस गाळात ते सापडलं. ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून, सेलीनीवरून, त्याने नाव ठेवलं. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ हा इंग्लिश अभियंता समुद्राखालच्या तारांच्या चाचण्यांसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होता. रोधाचे आकडे सारखे बदलत होते. कारण होता उजेड. उजेड पडला की रोध उतरायचा. तीन वर्षांनी ॲडम्स आणि डे यांनी दाखवलं की नुसत्या उजेडावर सेलेनियममध्ये वीज निर्माण होते. १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ वर्ख चढवून सौरघट केला. कार्यक्षमता एखादा टक्का, पण बेल लॅब्जचा सिलिकॉनचा सौरघट यायला तेव्हा अजून ७१ वर्षं होती! मग सगळे सिलिकॉनकडे वळले आणि सेलेनियम मागे पडलं. २०१७ मध्ये आयबीएमच्या गटाने ६.५ टक्क्यांपर्यंत मजल मारली आणि पुन्हा थोडी हालचाल सुरू झाली. त्याचा बँड गॅप (उजेड शोषला जायला लागणारी किमान ऊर्जा) १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे, त्यामुळे सिलिकॉनच्या डोक्यावर बसवायच्या वरच्या घटासाठी त्याचा विचार होतो.

पण हे चांगले घट निर्वात पंपाखाली सेलेनियमची वाफ करून बनवलेले आहेत. आमच्याकडे तसं यंत्र नाही. आमच्याकडे बीकर आहे, हॉट प्लेट आहे आणि एक पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडवर ठरवलेलं व्होल्टेज राखणारं यंत्र) आहे. बीकरमध्ये हे नीट जमलं तर आमच्यासारख्या कितीतरी छोट्या प्रयोगशाळांना या विषयात हात घालता येईल, म्हणून मला ते जमवायचंच आहे.

कृती अशी. १० मिलिमोलर सेलेनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळवते, म्हणजे द्रावणात सेलेनस आम्ल होतं. सल्फ्युरिक आम्लाने पीएच २. एफटीओची पट्टी कॅथोड (ऋण टोक), समोर प्लॅटिनम, संदर्भाला (म्हणजे व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचं तो इलेक्ट्रोड) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड. खोलीचं तापमान. उणे ०.७ व्होल्ट लावते आणि २ चौरस सेंटिमीटरवर ३ कूलॉम प्रभार जाईपर्यंत थांबते.

पहिल्या मिनिटात काच नारिंगी होते, मन प्रसन्न होतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला काचेच्या कडेपासून लाल धूर निघाल्यासारखे ढग सुटतात आणि खाली बसतात. पट्टी धुऊन वाळवली की पोपडे. टिश्यू पेपर नुसता टेकवला तरी लाल भुकटी येते. हिशेबाने ३ कूलॉमला ०.६१ मिलिग्रॅम सेलेनियम बसायला हवं, वजन भरतं ०.२ च्या आसपास.

व्होल्टेज वाढवून पाहिलं, उणे ०.९ पर्यंत. ढग वाढले, थर आणखी ढिला झाला. शिवाय तेव्हा किंचित मुळ्यासारखा वास येतो.

कुठे चुकतंय?

वाटसरू

विषय डोक्यावरून गेला, पण इतिहास आवडला. वाचतोय.

काचपट्टी

मुळ्याचा वास वाचला म्हणून हातातलं काम टाकून लिहितोय. बाकी उत्तर रात्री देतो. प्रयोग आत्ता थांबवा.

तो वास बहुतेक हायड्रोजन सेलेनाइडचा आहे. हा वायू हायड्रोजन सल्फाइडचा भाऊ, पण त्याच्याहून विषारी. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग इतकी आहे आणि १ भाग झाला की तत्काळ धोका मानतात. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं धरू नका, नाक बधिर होतं. बीकर फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात) आहे ना?

प्रयोगवही

थांबवलं. उत्तर प्रामाणिकपणे देते. बीकर बाकावर होता. हूडमध्ये दुसऱ्या एकाचा प्रयोग चालू असतो म्हणून. आजच गाइड सरांशी बोलून हूडची वेळ लावून घेतली. इतक्या तातडीने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

काचपट्टी

बरं केलंत. आता निवांत लिहितो. मी थिन फिल्मच्या कामात पंधरा-सोळा वर्षं आहे, सेलेनाइडांवर बरीच काढली.

तुमच्या बीकरमध्ये सेलेनस आम्लाला दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर ते चार इलेक्ट्रॉन घेतं आणि थेट सेलेनियम होऊन काचेवर बसतं. ही तुम्हाला हवी असलेली वाट. तिचं प्रमाण विभव (ठरावीक आदर्श स्थितीतलं व्होल्टेज) हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत अधिक ०.७४ व्होल्ट. पीएच २ आणि १० मिलिमोलरला हिशेब केलात तर ते तुमच्या संदर्भ इलेक्ट्रोडवर अधिक ०.३८ च्या आसपास येईल. म्हणजे उष्मागतिकीचं ऐकलं तर शून्य व्होल्टलाही थर बसायला हवा. बसत नाही, कारण ही अभिक्रिया फार आळशी आहे. तिला बराच धक्का द्यावा लागतो, त्यातून एफटीओवर तर जास्तच.

धक्का देता देता माणूस दुसऱ्या वाटेवर जातो. तिथे बसलेलं सेलेनियम आणखी दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन सेलेनाइड होतं. तुमच्या पीएचला साधारण उणे ०.५ च्या पलीकडे हे दार उघडतं. तुम्ही उणे ०.७ ला होतात. हा सेलेनाइड पृष्ठभागावरून सुटतो, दोन पावलांवर त्याला द्रावणातलं सेलेनस आम्ल भेटतं आणि दोघं मिळून सेलेनियम होतात : दोन रेणू सेलेनाइड, एक रेणू सेलेनस आम्ल, तीन अणू सेलेनियम. फक्त हे सेलेनियम जन्मतं द्रावणात, काचेवर नाही. तोच तुमचा लाल ढग. त्यातलं थोडं काचेवर येऊन नुसतं टेकतं, म्हणून टिश्यूला लागतं.

थोडक्यात, व्होल्टेज वाढवणं हा यावरचा इलाज नाही, तोच रोग आहे. उणे ०.४ च्या अलीकडे या. आधी सायक्लिक व्होल्टॅमेट्री (सीव्ही, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे नेत प्रवाहाचा आलेख) काढा, स्वच्छ काचेवर, सावकाश, सेकंदाला १० मिलिव्होल्टने. पहिला उतार कुठे सुरू होतो आणि दुसरा कुठे, ते डोळ्यांनी बघा. माझे आकडे वाटाड्या म्हणून घ्या, तुमच्या काचेचे तुम्हीच काढा.

मुलामा

मी शिकलेला रसायनवाला नाही, पण पिंपरीला प्लेटिंगचं छोटं युनिट चालवतो. निकेल, जस्त, थोडं तांबं. पोपड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्याकडे पोपडे सुटले की पहिला संशय सफाईवर. कल्हईवाला भांडं राखेने, वाळूने घासघासून का घ्यायचा? तेलाचं बोट लागलेल्या जागी कथील धरतच नाही. काचेचंही तेच असणार. आमची साधी परीक्षा आहे : धुतलेला जॉब पाण्यातून काढून उभा धरायचा. पाण्याचा पडदा अखंड उतरला तर साफ. मध्येच फुटून थेंब झाले तर परत धुवा. ताई, तुमची काच या परीक्षेत उतरते का?

दुसरं, द्रावण ढवळा आणि करंट थोडा चढवा. थर दाट बसेल. आणि काचेवर डोकं फोडण्याआधी पितळेच्या किंवा तांब्याच्या पट्टीवर करून बघा, स्वस्तात हात बसेल.

काचपट्टी

मुलामा, पाण्याच्या पडद्याची परीक्षा शंभर टक्के मान्य. आमच्या भाषेत लिहायचं तर साबण, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकी दहा मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये, पण शेवटी बघायचं तुम्ही सांगता तेच.

दोन गोष्टींत मात्र हात धरतो. तांबं किंवा पितळ नको. सेलेनस आम्ल तांब्याला वीज न लावताच खातं आणि वर काळा कॉपर सेलेनाइड बसतो. बंदुकीच्या पोलादाला थंडपणे काळपट-निळा रंग देणाऱ्या द्रावणांत सेलेनियम डायऑक्साइड असतं ते याच गुणामुळे. ताई तांब्यावरचा काळा थर बघून खूश व्हायच्या आणि तो सेलेनियम नसायचाच.

करंटचं थोडं सविस्तर. निकेलवर निकेल बसतं तेव्हा बसलेला थर स्वतः वीज वाहतो. पुढचा अणू येतो त्याला मागच्याकडून वीज मिळते. लाल सेलेनियम जवळजवळ निरोधक आहे. पहिला पातळ थर बसला की त्याने स्वतःच्याच पायाखालची वाट बंद केली. तुमच्या धंद्यात असा मुलामाच नाही, त्यामुळे तिथला अंदाज इथे चुकतो.

मुलामा

हे माहीत नव्हतं. म्हणजे रंगाच्या पुढे रंग लावतोय आणि ब्रशला वीज पाहिजे, अशी गत. मग थर जाड होणार कसा?

उत्तरायण

(अमेरिकेतून, पृष्ठभागाच्या विद्युतरसायनात काम करतो.) मुलामा यांचा प्रश्न कळीचा आहे, त्यावर काचपट्टी लिहितीलच. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो.

ताईंनी वजन आणि प्रभार ताडून पाहिला हे फार छान केलं. पण एक फसवी जागा आहे. दुसऱ्या वाटेने सेलेनाइड व्हायला सहा इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून वाटतं की प्रति अणू प्रभार बदलेल. जोडून बघा : दोन सेलेनाइडना बारा इलेक्ट्रॉन, त्यातून सेलेनियम तीन अणू. बारा भागिले तीन, पुन्हा चारच! म्हणजे नुसता प्रभार मोजून कुठल्या वाटेने गेलात ते कधीच कळणार नाही. कळतं ते वजनाने, कारण दुसऱ्या वाटेचा माल द्रावणात सांडतो. ०.६१ पैकी ०.२ म्हणजे दोन तृतीयांश सांडला.

अवांतर : सोन्यावर हीच गोष्ट किती सुंदर होते ते बघण्यासारखं आहे. सेलेनियमचा पहिला एक अणूभर जाडीचा थर ठोक (म्हणजे जाड थरातल्या) सेलेनियमच्या आधीच, म्हणजे जास्त धन विभवाला बसतो, कारण सोन्याशी त्याचं नातं स्वतःशी असलेल्या नात्याहून घट्ट. जॉर्जिया विद्यापीठात जॉन स्टिकनी यांच्या गटाने याच गुणावर एक अणुथर या मूलद्रव्याचा, एक त्या मूलद्रव्याचा असं रचत जाण्याची पद्धत बसवली, कॅडमियम सेलेनाइडसारखी संयुगं तशी उभी केली. एफटीओशी सेलेनियमचं असं काही नातं नाही. तिथे बीजं विरळ पडतात आणि प्रत्येक बीज एकटंच फुगतं.

जुना रेडिओ

इथल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा असेन. रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलं. सेलेनियम म्हटलं की मला आठवतात ते पट्ट्यांचे रेक्टिफायर. धातूच्या चौकोनी पट्ट्या, त्यांवर सेलेनियमचा राखाडी थर, अशा पाच-सहा एका दांड्यावर ओवलेल्या. व्हॉल्व्हच्या काळात एसीचं डीसी करायला असायचे. जळला की दुकानात थांबता येत नसे. त्या वासाला आम्ही नुसतं "सेलेनियम गेलं" म्हणायचो आणि दारं उघडून बाहेर उभे राहायचो. विषारी आहे हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. पोरी, तू हूडमध्ये काम कर.

पण प्रश्न असा पडला : त्या पट्ट्यांवरचा थर लाल नव्हता, राखाडी होता आणि वीज वाहत होता. तुझा लाल का?

प्रयोगवही

काका, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला, कारण या आठवड्यात मी नेमकी तिथेच अडकले होते!

ताजा हाल सांगते. हूडमध्ये मांडणी हलवली. काच पाण्याच्या पडद्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. डिटर्जंट बदलला, मग पास. सीव्ही काढली, दोन उतार वेगळे दिसले. उणे ०.३५ ला आले. ढग बंद, वास बंद. थर नारिंगी-लाल, गुळगुळीत, आणि टिश्यूला अजिबात लागला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा.

पण प्रवाह आठ-दहा मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. ३ कूलॉम सोडाच, ०.४ पण गेला नाही. काचपट्टी म्हणाले तसंच, थराने स्वतःची वाट बंद केली.

मग विचार केला की हा पातळ लाल थर ओव्हनमध्ये तापवून राखाडी करावा. झाला राखाडी. पण सूक्ष्मदर्शकाखाली उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा.

काचपट्टी

काकांनी नेमकं बोट ठेवलं. सेलेनियमची रूपं वेगळी आहेत. लाल ते अस्फटिकी, त्यात अणूंच्या साखळ्या आणि कडी कशीही गुंतलेली. राखाडी ते त्रिकोणीय स्फटिक, त्यात सर्पिल साखळ्या एकमेकींना समांतर उभ्या. राखाडी रूप पी प्रकारचं (म्हणजे ज्यात वीज मुख्यतः धन प्रभार वाहतात असं) अर्धवाहक आहे. फ्रिट्सने वापरलं तेही राखाडीच.

भेगांचं कारण घनतेत आहे. अस्फटिकी सेलेनियमची घनता सुमारे ४.२८, राखाडीची ४.८१. लाल थर जागच्या जागी राखाडी झाला की आकारमान ११ टक्क्यांनी घटतं. खाली काच ताणून धरतेय, वर थर आक्रसतोय, मग फाटणारच. (शिवाय वितळणबिंदू २२१ अंश, जरा जास्त तापलं की थेंब होतात. निर्वातात वाफेने थर बसवणारे लोक काचेवर आधी टेल्युरियमचा नाममात्र थर देतात तो सेलेनियमने धरून राहावं म्हणूनच.)

म्हणून मुलामा यांच्या प्रश्नाचं उत्तर : लाल बसवून नंतर राखाडी करू नका, बसतानाच राखाडी बसू द्या. तापमान वाढवा. हे ज्ञान जुनं आहे. १९५० साली एमआयटीचे फॉन हिप्पेल आणि ब्लूम यांनी उकळत्या पाण्याच्या तापमानाला, तीव्र सल्फ्युरिक आम्लात, राखाडी सेलेनियमचा मुलामा देऊन दाखवला होता. तुम्हाला एवढं तीव्र आम्ल नको, ८० ते ८५ अंश पुरे. तिथे अणूंना जागा धरायला हालचाल मिळते, थर स्फटिक होत जातो, वीज वाहतो आणि प्रवाह टिकतो.

काळजी तीन. संदर्भ इलेक्ट्रोड गरम बाथमध्ये बुडवू नका, त्याचं विभव सरकतं. सॉल्ट ब्रिज (दोन द्रावणं जोडणारी क्षाराच्या द्रावणाची नळी) घालून त्याला बाहेर थंड ठेवा. बीकरला झाकण द्या, नाहीतर पाणी उडून सगळी तीव्रता बदलेल. आणि गरम सेलेनियम डायऑक्साइडच्या द्रावणाशी हातमोजे घातल्याशिवाय संबंध नको. ते नखांखाली शिरलं तर फार दुखतं.

चौथी गोष्ट काळजीची नाही, आनंदाची. काचेवर दिवा सोडा! विलोबी स्मिथच्या कांड्यांचं काय झालं होतं? उजेडाने रोध उतरला. तुमच्या थराचंही तेच. पी प्रकारचा थर कॅथोडवर आहे, उजेडाने तयार होणारे इलेक्ट्रॉन द्रावणाच्या बाजूला जातात आणि तिथेच सेलेनस आम्ल त्यांची वाट बघत असतं. कॅलटेकच्या एका गटाने २०१३ मध्ये सेलेनियम-टेल्युरियमचे थर असे उजेडात वाढवले, तर थरावर आपोआप नॅनो आकाराच्या समांतर वऱ्या उमटल्या. त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरत होतं, आणि दिवा तिरका केला की वाढही तिरकी, दिव्याच्या दिशेने. खिडकीतल्या रोपासारखी. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

आणखी एक. तुम्ही म्हणालात की छोट्या प्रयोगशाळांना हे जमलं पाहिजे. ही वाट आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बीकर आणि साध्या साधनांवर थिन फिल्मचं काम कित्येक वर्षं झालंय. लोखंडे आणि पवार यांचा विद्युत-निक्षेपणाने बनवलेल्या अर्धवाहक थरांवरचा १९८९ चा आढावा जगभर वापरला गेला. तुमच्या ग्रंथालयात मिळवून बसून वाचा, सेलेनाइडांची रसायनं तिथे एकत्र सापडतील.

मुलामा

पिवळ्या दिव्याखाली प्लेटिंग करायचं! तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ताई, करून बघाच.

पाणीतपास

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. सगळे थराबद्दल बोलताय, वापरलेल्या द्रावणाचं काय करताय ते कोणीच लिहिलं नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सेलेनियम लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तुमच्या १० मिलिमोलर बाथच्या एका लिटरमध्ये जवळजवळ ७९० मिलिग्रॅम सेलेनियम आहे. म्हणजे मर्यादेच्या ७९ हजार पट. एक बीकर बेसिनमध्ये ओतला तर किती पाणी नासतं याचा हिशेब करा. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतीच्या निचऱ्यातून सेलेनियम साठत गेलं, आणि १९८३ मध्ये तिथल्या पाणपक्ष्यांची पिल्लं विकृत जन्मलेली आढळली. आपल्याकडे पंजाबात होशियारपूरच्या बाजूला जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, तिथे गुरांच्या खुरांवर परिणाम दिसतो.

उपाय अवघड नाही. हूडमध्ये, आम्लधर्मी द्रावणात एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे सी जीवनसत्त्व, घालून ठेवा. सेलेनस आम्लाचं लाल सेलेनियम होऊन गाळ बसतो. गाळून गाळ वेगळ्या बाटलीत, नाव लिहून. गाळलेलं पाणीही तपासल्याशिवाय सोडू नका, घातक कचऱ्यात द्या.

प्रयोगवही

पाणीतपास, हे सांगितलंत ते फार बरं झालं. बेसिनमध्ये ओतत नव्हते, पण एका मोठ्या कॅनमध्ये सगळं साठत होतं आणि त्यावर नीट लेबलही नव्हतं. काल दुपारभर तेच केलं. एस्कॉर्बिक आम्ल घातल्यावर रंगहीन द्रावण बघता बघता लाल झालं. कॅनला आता नाव, तारीख, सगळं आहे.

उत्तरायण

वा. थराचं पुढे काय?

प्रयोगवही

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळं करून.

मांडणी : ८५ अंश, पीएच १.५, बाकी द्रावण तेच. सॉल्ट ब्रिज काचेची नळी आणि आगार वापरून घरचाच केला. पहिला वितळला! आगार ८५ अंशाला कुठला टिकणार. मग ब्रिजचं टोक लांब केलं आणि आगारच्या जागी सिंटर्ड (बारीक छिद्रांची) काच. समोर टंगस्टन हॅलोजन दिवा, पाण्याच्या चंबूआडून, म्हणजे उष्णता अडते. पीएच आणि तापमान बदललं म्हणून सीव्ही पुन्हा काढली, आणि उणे ०.३ वर थांबले.

आधी अंधारात केलं. प्रवाह घसरला, पण मेला नाही. मग दिवा लावला. मंडळी, दिव्याचं बटण दाबल्याबरोबर स्क्रीनवरचा प्रवाह उभा चढला, बंद केला की उतरला. मी उगीचच सात-आठ वेळा लावला आणि बंद केला. स्मिथने १८७३ मध्ये जे पाहिलं ते माझ्या बीकरमध्ये, माझ्या काचेवर होत होतं.

थर राखाडी, धातूसारखी चमक. टिश्यूला काही नाही. चिकटपट्टी लावून ओढली, कडेचा एक बारीक तुकडा सोडून सगळा थर जागेवर. २ चौरस सेंटिमीटरवर ३ कूलॉम गेला, वजन भरलं ०.५३ मिलिग्रॅम. म्हणजे ८६ टक्के काचेवर, आधी ३३ होते. जाडी हिशेबाने साधारण अर्धा मायक्रॉन. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीत) २३.५ आणि २९.७ अंशांवर त्रिकोणीय सेलेनियमची शिखरं आली, रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या उजेडावरून अणूंची कंपनं बघण्याच्या चाचणीत) २३५ च्या आसपास अणकुचीदार शिखर. लाल थरात तिथे २५० ला नुसता पसरट उंचवटा होता.

रडू आलं, खरं सांगते.

एक अडचण उरलीय. थर खिडकीसमोर धरला की आरपार गडद लाल दिसतो (बँड गॅपच्या खालचा लाल उजेडच फक्त पलीकडे येतो), आणि त्या लालीत पांढरे ठिपके. बारीक छिद्रं. यावर सोनं चढवलं तर ते छिद्रांतून थेट एफटीओला टेकेल आणि घट शॉर्ट होईल.

जुना रेडिओ

शाब्बास पोरी.

मुलामा

८६ टक्के! क्रोमच्या मुलाम्यात यातलं काहीच मिळत नाही. अभिनंदन. छिद्रांना आमच्याकडे एकच औषध, सुरुवातीचा झटका. जॉब बाथमध्ये जाताच काही क्षण जास्त करंट, मग नेहमीचा. इथे चालेल का ते तज्ज्ञ सांगतील.

उत्तरायण

चालेल, आणि इथे तर तेच हवं. एफटीओवर बीजं विरळ पडतात हे मागे लिहिलं होतं. सुरुवातीला अर्धा सेकंद उणे ०.५ लावा, बीजं दाट पडतील, मग उणे ०.३ वर या. अर्ध्या सेकंदात सेलेनाइड नगण्य होईल, तरी हूड चालूच ठेवा. त्याहून खाली मात्र जाऊ नका, आम्लात फार ऋण गेलात तर टिन ऑक्साइडचंच टिन होऊ लागतं आणि काच काळवंडते.

काचपट्टी

मुलामा, तुमचा झटका मान्य. मागे करंटवरून तुम्हाला अडवलं होतं, ते पूर्ण थरासाठी होतं. बीजांपुरतं तुमचंच बरोबर.

ताई, ठिपके मोजून सांगा. आधी आणि नंतर, त्याच क्षेत्रावर.

प्रयोगवही

मोजले. ट्यूबलाइटसमोर पट्टी धरून, मागे एक सेंटिमीटरची चौकट कापलेला काळा कागद लावून, भिंग घेऊन. झटक्याशिवायच्या पट्टीवर ६४. झटका दिलेल्या तीन पट्ट्यांवर ११, ९ आणि १४. उरलेले बहुतेक एका बाजूच्या कडेला आहेत, जिथे मी चिमट्याने धरते. उद्या चिमट्याची जागा बदलून चौथी पट्टी करते.